खिळ्यावाचून उभी राहिलेली खुर्ची

आपल्या बाजारात 'चायना' हा आता देश राहिलेला नाही, ते एक विशेषण झाले आहे. खडेबाजारात कोणतीही वस्तू हातात घेऊन किंमत विचारली की दुकानदार स्वतःच सांगतो, "हा चायना आहे, घ्यायचा तर घ्या, ग्यारंटी नाही." मोबाईलचा चार्जर, आकाशकंदील, खेळणी, छत्री, जे जे स्वस्त आणि चार दिवसांत मोडणारे ते ते चायना. मीही हा शब्द असाच वापरत आलो. प्रस्तुत लेखाचा विषय माझ्या हाती लागला तो या शब्दाची मला थोडी लाज वाटू लागली म्हणून.

झाले असे की अकरावीत असताना अभ्यासासाठी घरी एक टेबल आणले. ते चायना नव्हते, आपल्याच देशातल्या कारखान्यात बनलेले होते. भुश्शाच्या दाबलेल्या फळ्या, वर लाकडाच्या रंगाचा गुळगुळीत कागद, आणि सगळा सांगाडा स्क्रूंवर उभा. बेळगावच्या पहिल्या पावसाळ्यात त्याच्या कडा फुगल्या, दुसऱ्या पावसाळ्यात ते डुलू लागले. आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या सुताराला दाखवले. त्यांनी स्क्रू काढून भोकात बोट घातले, तर भुसा बाहेर आला. "ह्याला दुरुस्ती नाही, बाळ. स्क्रू धरायला लाकूड लागते," असे म्हणून त्यांनी आमच्या देवघरातला आजोबांच्या वेळचा चौरंग उलटा केला आणि त्याचे पाय दाखवले. एकही खिळा नव्हता. फळीला भोक, पायाला कुसू, एवढ्यावर तो चौरंग उभा होता. कुसू म्हणजे लाकडाच्या टोकाला पटाशीने काढलेला चौकोनी दांडा, जो दुसऱ्या लाकडाच्या भोकात घट्ट बसतो.

ही विद्या सर्वांत पुढे कोणी नेली हे शोधू लागलो, तर ज्या देशाचे नाव आपण मोडक्या मालाला ठेवले आहे त्याच देशाशी जाऊन पोहोचलो.

चिनी भाषेत या जोडकामाला 'सुन-माओ' म्हणतात. सुन म्हणजे कुसू, माओ म्हणजे त्याचे भोक. चीनच्या झेजियांग प्रांतात हमूदू नावाच्या गावी १९७३ साली एक अतिप्राचीन वस्ती सापडली. सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरांच्या लाकडांना कुसू आणि भोके पाडलेली आहेत. लोखंड तर सोडाच, त्या काळी तिथे धातूचे हत्यारच नव्हते; दगडाच्या व हाडाच्या हत्यारांनी हे काम झालेले आहे. घरांच्या तुळयांसाठी निघालेली ही युक्ती पुढे हजारो वर्षांनी खुर्ची-टेबलांत उतरली.

पण खुर्ची हीच मुळात चिन्यांची नव्हे. आपल्यासारखेच तेही जमिनीवर चटई टाकून बसत. हान राजवटीच्या अखेरीस पश्चिमेकडच्या भटक्या लोकांकडून घडीचे स्टूल आले, त्याला ते 'परक्यांचे आसन' म्हणत. बौद्ध धर्माबरोबर उंच आसने आली. असे होत होत सुंग राजवटीपर्यंत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, बहुतेक समाज जमिनीवरून उठून खुर्चीवर बसला. एका संपूर्ण समाजाने बसण्याची रीत बदलणे ही लहान गोष्ट नाही. घराची उंची, खिडकीची जागा, जेवणाची भांडी, सगळे त्याबरोबर बदलते.

या खुर्चीला पूर्णत्व आले ते मिंग राजवटीच्या उत्तरार्धात. त्याला एक व्यापारी कारणही आहे, आणि वाणिज्याचा विद्यार्थी या नात्याने मला ते विशेष वाटते. १५६७ साली मिंग सरकारने खाजगी समुद्री व्यापारावरची जुनी बंदी उठवली. त्यानंतर दक्षिणेकडच्या देशांतून जड, कठीण लाकूड जहाजांनी येऊ लागले. सूचौ शहरात कापडाच्या व्यापारात पैसा झालेला, शिकलेला असा एक वर्ग होता. त्याला भपका नको होता, सफाई हवी होती. लाकूड कठीण असेल तर कुसू बारीक काढता येतो, बारीक कुसू म्हणजे सडपातळ पाय, आणि सडपातळ पाय म्हणजे नक्षीवाचूनही सुंदर दिसणारी खुर्ची. आज जगभर 'मिंग पद्धतीचे फर्निचर' म्हणून जे ओळखले जाते ते हे.

आता त्या जोडांतले दोन-तीन जरा सविस्तर सांगतो. ते नीट समजले की माझ्या टेबलाचे काय चुकले तेही समजते.

लाकूड मेले तरी त्याचे श्वास घेणे थांबत नाही, असे सुतार म्हणतात. पावसाळ्यात ते हवेतले पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. यात मेख अशी की लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही, रुंदीच्या दिशेने मात्र चांगलेच हलते. म्हणून रुंद फळी चारही बाजूंनी खिळ्यांनी जखडली तर ती एक तर वाकते नाही तर फुटते. चिनी सुताराने यावर तोड काढली ती अशी. टेबलाचा वरचा भाग एका फळीचा करायचाच नाही. आधी चार पट्ट्यांची चौकट करायची, तिचे कोपरे तिरके कापून आतल्या आत कुसूने जोडायचे. चौकटीच्या आतल्या अंगाला खाच पाडायची. मधल्या फळीच्या कडा पातळ करून त्या खाचेत नुसत्या सरकवायच्या, चिकटवायच्या नाहीत. फळीच्या पोटाखाली एक आडवी पट्टी खाचेतून सरकवून द्यायची, म्हणजे फळी वाकत नाही. मग बाहेर कोरडा हिवाळा असो की दमट उन्हाळा, फळी आपल्या खाचेत आतबाहेर होत राहते आणि चौकट जागची हलत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

दुसरा जोड कोपऱ्याचा. चौकोनी टेबलाच्या एका कोपऱ्यात तीन लाकडे येऊन मिळतात, दोन आडवी आणि एक उभे. तिन्ही तिरकी कापून अशी बसवतात की कोणत्याही बाजूने पाहिले तरी एकसारखीच तिरकी रेघ दिसावी. चीनमध्ये भात पानात गुंडाळून त्रिकोणी पुड्या उकडतात. त्या पुडीच्या टोकासारखा दिसतो म्हणून या जोडाचे नाव 'पुडीच्या कोपऱ्याचा कुसू'. नाव स्वयंपाकघरातले असले तरी जोड भूमितीच्या प्राध्यापकांना घाम फोडील असा आहे.

तिसरा जोड गोल पाठीच्या खुर्चीचा. या खुर्चीत पाठ आणि दोन्ही हात मिळून एकच कमान असते, घोड्याच्या नालेसारखी. एवढी वाकडी कमान एका लाकडातून कोरली तर तंतू आडवे तुटून ती मोडेल. म्हणून ती तीन किंवा पाच तुकड्यांची करतात. दोन तुकड्यांची टोके अर्ध्या जाडीची करून एकावर एक ठेवतात, प्रत्येकाच्या टोकाला बारीक जीभ असते ती समोरच्याच्या खाचेत अडकते, आणि मग दोघांच्या मधोमध पाडलेल्या चौकोनी भोकात एक निमुळती पाचर ठोकतात. पाचर आत गेली की दोन्ही तुकडे एकमेकांवर आवळले जातात. ते वरखालीही सरकू शकत नाहीत आणि पुढेमागेही नाही. मापात काढलेला असा जोड हाताला लागत नाही, फक्त निरखून पाहिले तर केसासारखी रेघ दिसते.

या खुर्चीच्या पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांचीही एक गंमत आहे. पुढची पट्टी सर्वांत खाली, बाजूच्या दोन त्याहून वर, मागची सर्वांत वर. चिनी लोक याला 'पायरी पायरीने वर' असे म्हणतात आणि मुलाची बढती होवो अशा अर्थाने शुभ मानतात. खरे कारण सुताराला ठाऊक असते. सर्व पट्ट्या एकाच उंचीवर आल्या तर पायाला एकाच ठिकाणी दोन बाजूंनी भोके पडतील आणि पाय तिथेच कमकुवत होईल. शुभशकुन कारागिराच्या गणिताला मागून चिकटला असावा असे मला वाटते. आपल्याकडच्या कितीतरी रूढींचे असेच असेल.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. "चिनी फर्निचरमध्ये खिळा नाही की सरस नाही" असे जाहिरातींत मोठ्या अक्षरांत लिहितात. ते पूर्ण खरे नाही. जुने कारागीर माशापासून केलेला सरस काही ठिकाणी लावीत, बांबूच्या किंवा लाकडाच्या मेखाही मारीत. मात्र वजन पेलण्याचे काम सरसाचे नसे, जोडाचे असे. म्हणून शंभर वर्षांनी सरस वाळून गेला तरी खुर्ची उभी राहते, आणि सुतार ती सुटी करून, एखादा झिजलेला भाग बदलून पुन्हा जोडू शकतो.

आता लाकडाकडे येतो, कारण येथे गोष्ट आपल्या दाराशी येते. मिंग खुर्च्यांचे आवडते लाकूड 'ह्वांगह्वाली'. ते हायनान बेटावरचे, मधासारख्या रंगाचे, शिसवीच्या कुळातले. दुसरे त्याहूनही मोलाचे, जवळजवळ काळे, पाण्यात बुडणारे. त्याचे नाव 'त्सितान'. छिंग बादशहांच्या राजवाड्यात त्सितानच्या आसनांना विशेष मान होता. २००० साली चीन सरकारने मौल्यवान लाकडांचे अधिकृत प्रमाण ठरवले, तेव्हा त्सितान या नावाला पात्र म्हणून एकाच झाडाची जात धरली. ती जात म्हणजे आपले रक्तचंदन. सूज आली की सहाणेवर उगाळून आजी ज्याचा लेप लावते, ज्याच्या बाहुल्या जत्रेत विकत मिळतात, तेच हे लाकूड. ते निसर्गतः वाढते फक्त आपल्या देशात, मुख्यतः आंध्र प्रदेशाच्या दक्षिणेकडील डोंगरांत, कडप्पा आणि चित्तूरच्या बाजूला. आपल्या खानापूरच्या जंगलात सापडणारी शिसवीही त्याच सरकारी यादीत दुसऱ्या गटात आहे.

बीजिंगमध्ये १९९९ साली केवळ या त्सितान कारागिरीचे म्हणून एक मोठे संग्रहालय उघडले. चीनमध्ये पैसा वाढला तसे हे लाकूड श्रीमंतीचे चिन्ह झाले, आणि मागणीने आंध्रच्या डोंगरात कुऱ्हाड नेली. १९९५ पासून रक्तचंदनाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, तरी चोरटी तोड थांबली नाही. ७ एप्रिल २०१५ रोजी शेषाचलमच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात २० माणसे ठार झाली. ती तमिळनाडूच्या खेड्यांतून आलेली होती. चकमक होती की आणखी काही, यावर पुढे बराच वाद झाला. २०२१ साली आलेल्या 'पुष्पा' चित्रपटामुळे आमच्या वर्गातल्या प्रत्येकाला रक्तचंदनाची तस्करी ठाऊक आहे, पण ते लाकूड अखेर कोणाच्या दिवाणखान्यात जाते हे त्या चित्रपटात फारसे येत नाही. चारशे वर्षांच्या कारागिरीचे कौतुक लिहिताना मला ही गोष्ट गाळता आली नाही. सुंदर खुर्चीच्या हिशेबात तोडणाऱ्या मजुराचा रकाना बहुधा रिकामाच असतो.

असो. या खुर्चीचा दुसरा प्रवास युरोपात झाला. हॅन्स वेग्नर नावाचा डेन्मार्कचा एक तरुण, चांभाराचा मुलगा, स्वतः सुतारकाम शिकलेला. त्याने गोल पाठीच्या चिनी खुर्चीचे चित्र एका पुस्तकात पाहिले आणि १९४४ च्या सुमारास तिच्यावरून स्वतःची 'चायना चेअर' तयार केली. तिथेच तो थांबला नाही. दरवेळी काहीतरी कमी करत तो पुढे गेला. १९४९ साली त्याने काढलेली एक गोल खुर्ची पुढे इतकी गाजली की १९६० साली केनेडी आणि निक्सन यांच्या दूरदर्शनवरील वादविवादात तीच वापरली गेली. त्याच वर्षी आखलेली आणि १९५० पासून कार्ल हान्सन या कारखान्यात बनू लागलेली दुसरी खुर्ची आजतागायत बनते आहे. तिच्या पाठीला इंग्रजी वाय अक्षरासारखी पट्टी आहे. चिनी सुताराने कमान तुकड्यांनी जोडली होती, डेन्मार्कमध्ये ती वाफेने वाकवलेल्या लाकडाची करतात. बैठकीला वेताऐवजी कागदाची पिळलेली दोरी, एका खुर्चीला सुमारे १२० मीटर, आणि ती आजही हाताने विणतात.

आता व्यापाराचा भाग पाहा. २०११ साली जपानच्या न्यायालयाने या वाय खुर्चीचा आकार हेच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्यास मान्यता दिली. म्हणजे तो आकार त्या कंपनीचा झाला. इकडे चीनमधल्या कारखान्यांत तिच्या स्वस्त नकला बनतात आणि जगभर विकल्या जातात. त्यांना लोक काय म्हणतात? चायना माल! ज्या खुर्चीची आजी चिनी, तिची चिनी नात नकली ठरते. कायद्याने यात काही चूक नाही, नक्कल ती नक्कलच. वेग्नरनेही चोरी केली असे मी म्हणणार नाही. त्याने आपल्या पहिल्या खुर्चीच्या नावातच ऋण कबूल केले होते. पण सूचौच्या ज्या सुतारांनी तो आकार घडवला त्यांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत, आणि ज्याचे नाव नाही त्याला व्यापारचिन्ह कुठून मिळणार?

नावे नाही, पण निदान विद्या लिहून ठेवण्याचे काम एका माणसाने केले. वांग शिश्यांग (१९१४ ते २००९) हे सुतार नव्हते, बीजिंगच्या सुखवस्तू घरातले विद्वान होते. जुन्या खुर्च्या मोडीत जात असण्याच्या काळात ते सायकलवरून भंगाराच्या दुकानांतून, गल्लीबोळांतून हिंडत त्या गोळा करीत. म्हाताऱ्या सुतारांपाशी बसून प्रत्येक जोडाला त्यांच्या तोंडी काय शब्द आहे हे त्यांनी टिपून घेतले. सांस्कृतिक क्रांतीत त्यांना खेड्यात मजुरीला पाठवले गेले, पण टिपणे टिकली. शेवटी १९८५ साली त्यांचा मिंग फर्निचरवरचा मोठा ग्रंथ बाहेर आला. जोडांची आतली रचना दाखवणाऱ्या आकृत्या त्यांच्या पत्नी युआन च्युआनयो यांनी काढल्या. त्या स्वतः संगीताच्या अभ्यासक होत्या. वांग यांच्या संग्रहातील ७९ वस्तू आज शांघायच्या संग्रहालयात आहेत.

त्या ग्रंथानंतर जगाचे डोळे उघडले. १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतील एका संग्रहालयाच्या १०७ चिनी वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा एकूण एक वस्तू विकली गेली. २००६ साली सूचौच्या मिंग पद्धतीच्या फर्निचरकामाला चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या पहिल्या यादीत स्थान मिळाले. आज तिथे 'नवी चिनी पद्धत' या नावाने दिवाणखाने सजतात: साधी लाकडी चौकट, वेताची बैठक, भिंतीशी जाळीचा पडदा. त्यातले पुष्कळसे नुसतेच सोंग असते. जोड संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कापलेले, आणि कधी कधी तर बाहेरून जोडाची रेघ काढून आत स्क्रू मारलेला. यंत्राने कापलेला कुसू वाईटच असतो असे नाही, मापाला तो चोख असतो. पण प्रत्येक फळीचे तंतू पाहून कुसू कुठे जाड ठेवायचा हे यंत्राला कळत नाही.

काही तरुण रचनाकारांनी मात्र जुन्या हस्तकलेतून खरोखरच नवे काढले आहे. 'शांग शिया' या संस्थेने मिंग खुर्चीचीच रेषा कार्बनच्या तंतूंत उतरवली. पाहायला ती देखणी आहे, पण मला त्यात कारागिरीपेक्षा ऐट जास्त दिसते. झांग लेई यांनी युहांग गावच्या कागदी छत्र्या बनवणाऱ्यांची रीत उचलून थरावर थर चिकटवलेल्या कागदाची खुर्ची केली. ती माणसाचे वजन पेलते. आणि चेन मिन यांनी २०१३ साली केलेले 'हांगचौ स्टूल' मला सर्वांत आवडले. बांबूचे ०.९ मिलिमीटर जाडीचे १६ पापुद्रे धनुष्यासारखे वाकवून फक्त दोन्ही टोकांशी एकत्र धरलेले, मध्ये मोकळे. माणूस बसला की पापुद्रे थोडे दबतात, उठला की पुन्हा वर येतात. त्याला ना रक्तचंदन लागते ना शिसवी. बांबू चार-पाच वर्षांत तोडणीला येतो, रक्तचंदनाला कित्येक दशके लागतात.

माझ्या त्या टेबलाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. त्याच सुतारकाकांनी एका जुन्या दाराचे सागवान शोधून आणले, चौकट केली, मधल्या फळीला खाचेत मोकळे सोडले. चिनी पद्धत म्हणून नव्हे. त्यांच्या वडिलांनी शिकवलेली पद्धत म्हणून. मी त्यांना मिंग टेबलाच्या जोडाचे चित्र दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "ही तिरकी रेघ काढायला पटाशी फार धारदार पाहिजे." मजुरी मात्र त्यांनी भुश्शाच्या नव्या टेबलाच्या किमतीपेक्षा दीडपट सांगितली. बाबांनी घासाघीस केली. अखेर चौथा भाग कमी करून ते तयार झाले, आणि त्यांच्या पंधरा दिवसांच्या कामाला त्या पैशांनी भागले तर रोज किती पडला, हा हिशेब मी नव्या टेबलावरच बसून केला.